पावलांची दुसरी प्रत

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी ऐक. तू घेऊन दिलेला कॉम्प्युटर खोकायला लागलाय. कट-कट-कट करतो, थांबतो, दम खातो, पुन्हा कट-कट. इतकी वर्षं हातोडी ठोकून माझे कान निकालात निघालेत हे तुला माहीत आहे, पण टेबलावर तळहात ठेवला की मला ती कटकट बरोबर कळते. तू त्यावर फोन करू नकोस. मागच्या वेळी तू ओरडत होतास, मी ‘काय?’ ‘काय?’ करत होते आणि शेवटी शेजारीण धावत आली, घरात भांडण झालं की काय म्हणून. लिही. लिहिलेलं मला नीट ऐकू येतं.

एरवी मी त्याला खोकू दिलं असतं. पण आत माझी सगळी पावलं आहेत. कुणाचं आत वळलेलं, कुणाचं एक आखूड, कुणाची बोटंच नाहीत, आजवर ज्यांचे ज्यांचे जोडे केले त्या सगळ्यांच्या पावलांचे कागद तूच स्कॅन करून आत टाकलेस. कागद कुठे आहेत असं विचारून डोकं फिरवू नकोस. ‘ताई, आता हा पसारा कशाला?’ असं तूच म्हणालास. मी ते कपाट रिकामं केलं आणि त्यात चामडं ठेवलं.

आता खरी गोष्ट. भिंगरी आठवते? बेकरीवाल्यांची मुलगी. दोन्ही पावलं आत वळलेली, तरी गल्लीत सगळ्यांच्या पुढे पळणारी, म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले. चालायला लागल्यापासून तिचे जोडे माझ्याकडे. दर जोड्याच्या वेळी तिचं पाऊल कागदावर उमटवून घेते. मोठ्या हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करायचं. मी तिच्या आईला म्हटलं, थांबा, पाऊल आपलं आपण सरळ होतंय. हळू होतंय, पण होतंय. आईने डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘कुणाला काय वाटतं त्यावर मी काही ठरवत नाही. दाखवा.’ रास्त बोलले. जुने कागद ओळीने दाखवले की झालं. १८ एप्रिलला बोलावलंय.

काल तिची फाइल उघडली. पहिला कागद अर्धा आला आणि सगळं गोठलं. प्लग काढावा लागला.

कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणतो, सगळं ‘सी’मधून उचलून ‘डी’मध्ये टाका, बॅकअप झाला. टाकू का? लवकर सांग.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

नमस्कार, आणि आधी मशीन बंद कर. ते झाल्यावर पुढे वाच.

‘डी’मध्ये अजिबात टाकू नकोस. सी आणि डी या दोन डिस्क नाहीत, एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. एकाच पिशवीत डावा जोडा एका बाजूला आणि उजवा दुसऱ्या बाजूला ठेवलास, तरी पिशवी हरवली की अनवाणीच चालायचं ना? तुझी पिशवीच फाटत चाललीये. प्रत ठेवायची तर वेगळ्या डिस्कवर ठेवायची, आणि प्रत झाली की ती वायर काढून वेगळ्या घरात ठेवायची.

दुसरं, एकेक फाइल उघडून बघू नकोस. आमच्या छापखान्यात अशा डिस्का मी बऱ्याच पाहिल्यात. त्यांच्यात थोडाच जीव उरलेला असतो. तो चाळवाचाळव करण्यात घालवायचा नाही, एकदाच सलग सगळं उतरवून घ्यायचं.

पार्सल पाठवतोय. त्यात एक नवी डिस्क आहे, तुझ्या जुन्या डिस्कएवढीच, बाहेरून वायरीने लावायची. सोबत पेन ड्राइव्ह आहे. तो लावून मशीन सुरू केलंस की माझा प्रोग्रॅम आपोआप चालू होईल. समोर दोन चौकोन येतील. पहिल्यावर ‘सोर्स’ लिहिलेलं असेल, म्हणजे कुठून घ्यायचं. दुसऱ्यावर ‘डेस्टिनेशन’, म्हणजे कुठे ठेवायचं. या प्रोग्रॅमला डिस्कच्या आत काय आहे ते दाखवता येत नाही, फक्त नाव आणि आकार दाखवतो. म्हणून नीट ऐक. जे ‘कुठे’च्या चौकोनात जाईल त्यावरचं सगळं आधी पुसलं जातं. सगळं. चुकून तिथे जुनी डिस्क घातलीस तर कोऱ्या डिस्कची सुंदर प्रत तयार होईल आणि तुझी पावलं जगातून जातील.

घाबरू नकोस, चुकायला जागाच नाही. जुन्या डिस्कचं नाव आपण ‘पावलं’ ठेवलंय. नवीला कारखान्याचा नंबर आहे. ‘कुठून’मध्ये ‘पावलं’, ‘कुठे’मध्ये नंबर. मग बटण. लहान मूलसुद्धा करील.

धाकटा

ता. क. ताई, मी यांची बायको लिहितेय. ‘लहान मूलसुद्धा करील’ हे वाक्य मी खोडायला सांगितलं होतं. ऐकलं नाही.


२० मार्च

धाकट्या,

पार्सल पोचलं. डिस्क बघून हसूच आलं, साबणाच्या वडीएवढी आहे. एवढ्याशा वडीत सगळी माणसं मावणार म्हणतोस तर मावतील.

मशीन बंद आहे. मध्ये एकदा लावलं होतं. रागावू नकोस, एक गिऱ्हाईक लांबून आलं होतं. तेवढ्यात कटकट वाढली, म्हणून लगेच बंद केलं. आता वरून चादर घालून ठेवलंय, म्हणजे हात जाणार नाही.

नवी डिस्क चालते का ते मोबाइलवाल्याकडे नेऊन बघून घेतलं. चालते. तिला तो लांबलचक नंबर होता, तोही बदलून घेतला. माझ्या दुकानात नुसत्या नंबराने काही राहत नाही. दोन कलबुतं केली, म्हणजे ती लाकडी पावलं रे ज्यांच्यावर आपण जोडा चढवतो, तर त्या जोडीवर एकच नाव घालायचं हा माझा पहिल्यापासूनचा शिरस्ता. डाव्यावर एक आणि उजव्यावर दुसरं लिहिलं की जोडी फुटलीच समज. म्हणून नवीचंही नाव ‘पावलं’ ठेवलं. आता शोभते जोडी.

पोस्टमन सव्वीसला सुट्टीवर आहे, तेव्हा त्याला बोलावलंय. तुझ्या प्रोग्रॅममधली अक्षरं बारीक असणार आणि माझा चष्मा जुना. त्याचंही एक पाऊल आतच आहे. आखूड पायाखाली माझी उंच टाच घालून तो सगळा गाव पालथा घालतो, तेव्हा त्यालाही काळजी आहेच. त्याच दिवशी उरकून टाकते.

ताई


२४ मार्च

ताई!

थांब. काहीही करू नकोस. पेन ड्राइव्ह लावू नकोस, चादर काढू नकोस.

अगं, तू दोघींना एकच नाव दिलंस! आकार दोघींचा एक, आता नावही एक. प्रोग्रॅममध्ये तुला एकाखाली एक दोन ओळी दिसतील, दोन्हीवर ‘पावलं’ असेल आणि कुठली भरलेली, कुठली कोरी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वरची जुनी आणि खालची नवी असंही धरू नकोस, तो क्रम मशीनच्या मर्जीवर असतो. अंदाजाने बटण दाबायचं म्हणजे भिंगरीच्या पावलांवर नाणं उडवायचं.

मोबाइलवाल्याकडे जा आणि नवीचं नाव बदलून आण. ‘कोरी’ ठेव, ‘साबण’ ठेव, काहीही ठेव. मग मला लिही. मग मी सांगेन. तोवर हात बांधून बस.

धाकटा

ता. क. ताई, सकाळपासून यांनी तुम्हाला किती फोन लावले त्याची गणती नाही. तुम्ही उचलत नाही म्हणून आणखी चिडलेत. रजा मागायला गेले होते. शाळेची पुस्तकं छापायला चढलीत, रजा मिळाली नाही, म्हणून साहेबांशी भांडून आले. जेवले नाहीत. मी म्हटलं, ताईंनी आजवर एकही चामडं चुकीचं कापलेलं नाही. त्यावर म्हणाले, ‘चामडं दिसतं तरी!’ हे पत्र वेळेत पोचू दे एवढीच इच्छा.


२७ मार्च

धाकट्या,

झालं!!

पेढे वाट, नाच, काय वाटेल ते कर. झालं. काल झालं. सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

पोस्टमन सकाळीच आला. चादर काढली, तुझा पेन ड्राइव्ह लावला, साबणाची वडी लावली, मशीन सुरू केलं. कटकट होतीच. तुझे दोन चौकोन आले. ‘कुठून’चा चौकोन मशीनने आपल्या मनानेच भरून ठेवला होता, त्यात ‘पावलं’. मी म्हटलं, वा, हुशार आहे. ‘कुठे’च्या चौकोनात मी दुसरी ओळ घातली. मग भलीमोठी लाल चौकट आली, डेस्टिनेशनवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? माझं बोट बटणावर होतं.

आता माझी सवय तुला माहीत आहे. कापायची रापी चामड्याला लावायच्या आधी मी माप दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेते. कुणीही चालतं, गिऱ्हाईक असो की दूधवाला. मी लिहिलेलं मला बरोबरच दिसतं, परक्या तोंडातून आलं की खोट कळते. रापी फिरली की चामडं परत जुळत नाही, आणि ही लाल चौकट मला रापीच वाटली. म्हणून पोस्टमनला म्हटलं, माझ्याकडे तोंड करून वाचा हो, कुठून कुठे चाललंय ते.

तो वाचायला लागला. “‘पावलं’मधून... ‘पावलं’मध्ये.” थांबला. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणतो, “बाई, पावलंमधून काढायचं आणि पावलंमध्येच घालायचं? मग पुसायचं कुठलं?”

धाकट्या, माझ्या पाचावर धारण बसली. हात बटणावरून असा उचलला जणू तवाच होता. जोडीला एक नाव! माझाच शिरस्ता आणि तोच माझ्या मुळावर आला. पोस्टमन घामाघूम झाला. म्हणाला, “माझंही पाऊल यात आहे ना? मग मी बसतो जरा.” आणि बसला.

मी लाल चौकट ‘नको’ म्हणून घालवली आणि विचार करत राहिले. तुला लिहावं तर उत्तर यायला आठवडा. मशीन बंद करून परत लावावं तर ते परत लागेल याची खात्री कोण देणार? माझा तळहात टेबलावरच होता. कटकटीच्या मधला दम लांबत चालला होता. दुकानात सारखी दिसणारी दोन कलबुतं हातात आली तर मी काय करते? एक दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. हातात उरतं ते कुठलं याचा घोळ होऊच शकत नाही.

जुनी डिस्क मशीनच्या पोटात, ती काही निघत नाही. वडी मात्र बाहेर, वायरीवर. मी वायर उपटली. पोस्टमन ओरडला, मला ऐकू आलं नाही, तेव्हा चाललं. यादी ताजी करायचं बटण दाबलं. आता एकच ओळ. एकच ‘पावलं’. ती जुनीच असणार, दुसरी तर माझ्या मुठीत होती! ती ‘कुठून’च्या चौकोनात घातली. पोस्टमनकडून वाचून घेतली. मग वडी परत लावली, यादी ताजी केली, आणि ‘कुठे’च्या चौकोनावर गेले. तिथे मशीन आता एकच ओळ देत होतं, कारण ‘कुठून’मध्ये गेलेली पुन्हा निवडता येत नाही. राहिली ती कोरीच. घातली. पुन्हा वाचून घेतलं. परत ‘पावलं’मधून ‘पावलं’मध्ये, पण या वेळी पोस्टमनलाही माहीत होतं कुठलं काय ते.

लाल चौकट आली. मी दाबलं.

मग हिरवी पट्टी सरकायला लागली. काय सांगू, गोगलगाय बरी. मधेच थांबायची, मी श्वास धरायची. पोस्टमन घरी जाऊन जेवून आला तरी पट्टी अर्ध्यावर. मी टेबलापाशीच बसून होते, तळहात तसाच. संध्याकाळी पट्टी पार गेली. काही तुकडे वाचता आले नाहीत असं मशीनने लिहिलं, पण बाकी सगळं आलं. आम्ही दोघं टाळ्या वाजवून नाचलो. हो, नाचलो. एक बहिरी म्हातारी आणि एक लंगडा पोस्टमन, बघणाऱ्याला वेड लागलं असतं.

जुन्या डिस्कला आता हात लावणार नाही. वडी मोबाइलवाल्याच्या मशीनवर उघडून बघते आणि लिहिते.

विजयी ताई


१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र छापखान्यातच आलं. मी ते मशिनीशेजारी उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसलो. साहेबांना वाटलं घरून वाईट बातमी आली. मी त्यांना म्हटलं, माझी बहीण जिंकली. त्यांना काही कळलं नाही, पण चहा मागवला.

खरं सांगतो, गेले काही दिवस मी नीट झोपलेलो नाही. तू बटण दाबलंस असंच धरून चाललो होतो. डोळे मिटले की कोरे कागद दिसायचे. आणि तू जे केलंस ते मला सुचलं नव्हतं. मी तुला नाव बदलायला सांगत बसलो. ‘कुठे’वालीला खोलीबाहेर ठेवून ‘कुठून’ आधी पक्कं करायचं, हे इतकं सोपं आहे की आता छापखान्यातही आम्ही तसंच करणार. मी लगेच सगळ्यांना तसं सांगितलंसुद्धा. श्रेय तुला दिलं, बऱ्यापैकी.

एकच सांग. मशीनने आपल्या मनाने ‘कुठून’मध्ये जी घातली होती, ती कुठली होती? जुनी की कोरी? कळलं तर लिही. नाही कळलं तर बरंच.

भिंगरीचे कागद आले का? सगळ्यात आधी ते बघ.

धाकटा

ता. क. ‘बऱ्यापैकी’ नाही, ताई. पूर्ण श्रेय दिलंय. मी तिथल्या माणसांना विचारलं. आणि आज पोटभर जेवलेत.


७ एप्रिल

धाकट्या,

तुझं ‘थांब’ म्हणणारं पत्र सगळं उरकल्यावर पोचलं. तू विचारलंसच म्हणून सांगते. कोरी होती. वायर उपटली तेव्हा ‘कुठून’चा चौकोन रिकामा झाला, तेव्हाच कळलं. पोस्टमनला बोलले नाही, त्याला रात्रभर झोप लागली नसती. माझं बोट त्या बटणावर टेकलं होतं रे.

जुनी डिस्क गेली. हात लावणार नाही म्हटलं होतं, पण मोबाइलवाल्याने कुतूहलाने एकदा मशीन सुरू केलं. मी टेबलावर तळहात ठेवला. दोनदा कटकट झाली आणि मग काहीच नाही. मशीन म्हणतं, आत डिस्कच नाही. इतकी वर्षं तिने माझी माणसं सांभाळली, मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायची चैन करता येते ती वडीमुळेच.

वडीत सगळे आहेत. पोस्टमन आहे, शिंपीणबाई आहे, एका पायाचा माळी आहे. भिंगरीही आहे! तिचा एक कागद मात्र टाचेपर्यंतच आलाय, पुढची बोटं करड्या पट्ट्यांत गेलीत. टाच आली म्हणजे मला बास, पाऊल फिरतं ते टाचेपासूनच. सगळे पातळ कागदावर छापून घेतले. वडी आता पोस्टमनच्या घरी ठेवलीये, तू सांगितलंस तशी वेगळ्या घरात. मोबाइलवाल्याने मशीनमध्ये दुसरी डिस्क बसवून तिच्यावर सगळं उतरवून दिलंय, तेव्हा दर महिन्याला वडी आणायची, प्रत घ्यायची, परत द्यायची, असं ठरलंय. आणि तिचं नाव बदललं. आता ‘पावलं, पोस्टमनकडची’ आहे.

आता मला दुसरीच धास्ती. कागद वाचले, पण मी म्हणते ते त्यांत दिसलं नाही तर? एवढा आटापिटा केला आणि डॉक्टर म्हणाले, बाई, हे तर तसंच आहे. मला डोळ्यांनी दिसतंय की मनाने, हे अठराला कळेल. भिंगरीच्या आईसमोर मी छाती काढून चालते. तुझ्यासमोर नाही.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

कालचं सांगते. मी, भिंगरी आणि तिची आई अशा तिघी गेलो. डॉक्टरांची खोली लांबट, खिडकी मोठी. मी चांगला पदर खोचला आणि विचारलं, काचेवर कागद लावू का? ते म्हणाले, लावा. मी सगळ्यात जुना कागद काचेवर धरला, त्यावर टाच जुळवून त्याच्या पुढचा, त्यावर त्याच्या पुढचा. उन्हात पातळ कागदांतून सगळी पावलं एकावर एक दिसायला लागली. टाच सगळ्यांची एका जागी, आणि अंगठा दर कागदागणिक जरासा बाहेर सरकलेला. पंखा उघडावा तसा.

डॉक्टर जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. अर्ध्या कागदाबद्दल विचारलं, मी म्हटलं, तो मशीनने खाल्ला. त्यांनी पट्टी लावून अंगठ्यांमधलं अंतर मोजलं. मग भिंगरीला चालायला सांगितलं. तिने चालायचं सोडून पळून दाखवलं, आणि त्यांनी तिला तीनदा पळायला लावलं. मग खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलले. मला त्यांची पाठ दिसत होती. भिंगरीच्या आईने तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली.

आता रडणं कसलं आहे ते मला काय कळणार? मी पुढे होऊन डॉक्टरांचा कोट धरून त्यांना वळवलं. हो, वळवलं. म्हटलं, “माझ्याकडे बघून बोला, मला ऐकू येत नाही.”

ते हसले. माझ्यासमोर तोंड धरून सावकाश म्हणाले, “ऑपरेशन नको. पाऊल सरळ होतंय. तुमचे जोडे चालू ठेवा.”

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाच कळलं होतं रे, पण दुसऱ्यांदा जास्त बरं वाटलं.

मग त्यांनी ऑपरेशनसाठी लिहून ठेवलेली तारीख आमच्यादेखत खोडली, मे महिन्यातली. भिंगरीच्या आईने तीच तारीख मला दिलीये. त्या दिवशी सकाळी पोरगी नवे जोडे न्यायला येणार आहे. चामडं काढून ठेवलंय, लाल हवंय म्हणते.

तुझी ताई